गणवेशांचा अभ्यासक

जे जग कोणी पाहिलेले नाही, त्या जगातील माणसांना वस्त्रे कशी द्यावयाची? ऐतिहासिक नाटकाचा वेषभूषाकार जुनी चित्रे पाहतो, संग्रहालये धुंडाळतो. विज्ञानकथेवरील चित्रपटासाठी वस्त्रे बेतणाऱ्याला असा आधार कोठला! इंग्लंडमधील जॉन मोलो यांना मात्र तो आधार मिळाला, आणि तोही जुन्या पलटणींच्या डगल्यांत.

मोलो यांचा जन्म १९३१ साली लंडन येथे झाला. वडील मूळचे रशियन. लहानपणी क्लाइव्हच्या जीवनावरील एक चित्रपट त्यांच्या पाहण्यात आला आणि सैनिकी गणवेशांचे जे वेड त्यांना लागले, ते आयुष्यभर सुटले नाही. कोणत्या पलटणीच्या डगल्याला किती गुंड्या, कोणाच्या शिरस्त्राणावर कोणता तुरा, हे त्यांच्या अभ्यासाचे विषय. या विद्येने कोणाचे पोट भरेल असे सहसा कोणास वाटणार नाही. मोलो यांनी मात्र त्यावर ग्रंथ लिहिले, आणि ‘बॅरी लिंडन’ (१९७५) यांसारख्या ऐतिहासिक चित्रपटांचे ते सल्लागार झाले. स्वतः वेषभूषाकार म्हणून त्यांनी एकही चित्रपट केला नव्हता.

अशा माणसाकडे जॉर्ज लुकास या दिग्दर्शकाने ‘स्टार वॉर्स’चे काम सोपविले. लुकास यांची अपेक्षा चमत्कारिक होती: कपडे प्रेक्षकांच्या डोळ्यांत भरू नयेत! ते रोजच्या वापरातले, अंगवळणी पडलेले दिसावेत. दुष्टांच्या अधिकाऱ्यांना जर्मन सैन्याची आठवण देणारा कडक थाट असावा. नायकाचे कपडे साधे, मातकट रंगांचे असावेत.

डार्थ व्हेडर या खलपुरुषाच्या रूपाची कल्पना राल्फ मॅक्वारी या चित्रकाराची. एका यानातून दुसऱ्या यानात जाताना निर्वात पोकळी ओलांडावी लागणार. तेथे श्वास कसा घ्यावयाचा, या विचारातून त्यांनी त्याला मुखवटा दिला. ते चित्र हाती घेऊन मोलो वेषभूषेच्या एका मोठ्या भांडारात गेले. एका दालनातून मोटारसायकलस्वाराचा चामडी पोशाख घेतला, दुसऱ्यातून जर्मन सैनिकाचे शिरस्त्राण, तिसऱ्यातून विषारी वायूपासून रक्षण करणारा मुखवटा आणि मध्ययुगीन पोशाखांच्या दालनातून एका संन्याशाचा झगा. हे सारे एकावर एक चढविले, आणि ती भयंकर आकृती उभी राहिली! तिचे अंतिम रूप पुढे कारागिरांनी घडविले. पण तिचा पहिला सांगाडा असा मागून आणलेल्या वस्तूंचा होता.

शिपायांचे पांढरे चिलखत प्लॅस्टिकचे होते. ते घालून धड बसताही येत नसे. चित्रपट १९७७ साली प्रदर्शित झाला आणि पुढील वर्षी मोलो यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. ते स्वीकारताना, ही वस्त्रे कसली, हे तर नळकाम आणि मोटारदुरुस्तीचे काम, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. त्यात विनोद होता, पण विनय अधिक होता.

पुढे ‘एलियन’ (१९७९) या चित्रपटासाठी त्यांनी अंतराळवीरांचे पोशाख सिद्ध केले. ते इतके जड आणि कोंदट होते की नट कासावीस होत. यान प्रचंड भासावे म्हणून दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनी काही दृश्यांत स्वतःच्या मुलांना लहान मापाचे तसेच पोशाख घालून उभे केले. मुले घुसमटली, तेव्हा कोठे आतल्या हवेची सोय झाली. मोठ्यांचे हाल पुरेसे वाटले नाहीत, हे नवलच म्हणावयाचे.

इतकी कीर्ती मिळाल्यावर मोलो अंतराळातच रमले असते तर नवल नव्हते. पण रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) चित्रपटासाठी ते आपल्या मूळच्या विद्येकडे वळले. ब्रिटिश अधिकारी व शिपाई यांचे गणवेश त्यांच्याकडे आले आणि भारतीय माणसांची वस्त्रे कोल्हापूरच्या कन्या भानू अथैया यांच्याकडे. १९८३ साली दोघांना मिळून ऑस्कर मिळाले. मोलो यांचे ते दुसरे. अथैया यांचे पहिले, आणि भारतीयाला मिळालेलेही पहिलेच. मोलो २०१७ साली वारले. अथैया यांनी आपले मानचिन्ह नीट जतन व्हावे म्हणून २०१२ साली अमेरिकेतील त्या संस्थेकडे परत सोपविले. २०२० मध्ये त्याही गेल्या.