रंग उतरवलेलं स्टेशन

भायखळा, मुंबई
नागपंचमी

ती. आत्यास,


परवा फोनवर तू म्हणालीस, "भायखळा स्टेशनला छान रंग दिलाय म्हणे." मी तेव्हा प्लॅटफॉर्मवर होते, गाडी शिरत होती, बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून हे पत्र. आत्या, रंग दिलेला नाही, उतरवलाय. तू रेल्वेच्या हॉस्पिटलात नोकरीला होतीस तेव्हाचे आणि त्याच्याही आधीचे थर खरवडून काढले, तेव्हा आतून दगड निघाला. इतकी वर्षं तू आणि मी त्या भिंतीला पाठ टेकून गाडीची वाट पाहिली, पण तिचा दगड दोघींपैकी एकीनेही पाहिलेला नव्हता.

तेव्हापासून मी या स्टेशनाच्या मागेच लागले आहे. मिळेल ते वाचते, दिसेल त्याला विचारते. १८५२ साली, रुळांचं बांधकाम चालू असताना, ‘फॉकलंड’ नावाचं एक छोटं इंजिन इथेच भायखळ्याच्या सखल मैदानात माल ओढत होतं. त्या वेळच्या गव्हर्नरचं नाव त्याला दिलेलं. बैलाशिवाय चालणारी गाडी बघायला तेव्हा केवढी गर्दी लोटली असेल! पुढच्या वर्षी, १६ एप्रिल १८५३ला, पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला निघाली. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, आणि ओढायला तीन इंजिनं: साहिब, सिंध आणि सुलतान. ही गाडी भायखळ्यावरूनच गेली. त्या रेल्वेसाठी नाना शंकरशेटांनी आठ वर्षं आधीपासून खटपट केली होती, हे तू मला लहानपणी सांगितलं होतंस, तेव्हा मी ते कानाआड केलं. आता रोज त्या रुळांजवळ उभं राहिलं की आठवतं.

सुरुवातीला इथे साधं लाकडी काम होतं. दगडी इमारत १८५७ची. ही तारीख वाचली आणि मी हिशोब मांडला. तू जिला अजून व्ही.टी.च म्हणतेस, त्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या इमारतीचं काम १८७८ला सुरू झालं आणि १८८८ला संपलं. म्हणजे वास्तुविशारद स्टीव्हन्स साहेबाच्या त्या घुमटाचा पाया खणायला घेतला, तेव्हा भायखळ्याचं स्टेशन एकवीस वर्षांचं होतं. देशात आजही वापरात असलेल्या सर्वांत जुन्या स्टेशन-इमारतींत त्याची गणना होते. आणि आपण? आपण त्याला ‘दादरच्या आधीचं’ एवढ्यावरच ओळखायचो.

व्ही.टी.बद्दल माझं काही वाकडं नाही. जे.जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी कोरलेले तिथले मोर आणि पानं बघताना मान दुखेपर्यंत वर पाहावंसं वाटतं. २००४ साली युनेस्कोच्या यादीत गेली ते योग्यच झालं. पण ती इमारत लोकांना दिपवायलाच बांधली होती. भायखळ्याला घुमट नाही, पुतळा नाही, दारात सिंह-वाघ नाहीत. उतरती छपरं, कमानी, लाकडी तुळया आणि बिडाचे खांब. मला विचारशील तर अशा इमारतीची डागडुजी करायला जास्त मोठं मन लागतं, कारण ती पडली असती तरी फार कुणी हळहळलं नसतं.

‘आय लव्ह मुंबई’ नावाच्या संस्थेने पुढाकार घेतला, बजाज कुटुंबाच्या ट्रस्टने पैसा दिला, आणि वास्तुविशारद होत्या आभा नारायण लांबा. मधे कोविडचा खंड पडला, तरी एप्रिल २०२२मध्ये काम पुरं झालं. त्याच वर्षी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा-संवर्धनाचा पुरस्कारही मिळाला. राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाला २००५ला युनेस्कोचाच पुरस्कार मिळाला होता. एका भायखळ्यात असे दोन! आपल्या वस्तीचं नाव इतकी वर्षं फक्त भाजीबाजारासाठी आणि तुरुंगासाठी घेतलं जायचं, म्हणून मला याचा फार आनंद झाला.

सगळ्यात अवघड गोष्ट मला वाटते ती ही की स्टेशन चालू ठेवून हे काम झालं. संग्रहालयाला कुलूप लावून काम करता येतं. इथे तिकिटाची रांग हटत नाही, गाडी मिनिटा-मिनिटाला येते, आणि भाजीवाल्या बायका पहाटेच पाट्या घेऊन लगेज डब्याकडे धावत असतात. त्या सगळ्यांच्या पायात पाय न घालता दगड साफ करायचा, कुजलेलं लाकूड तेवढं बदलायचं, चांगलं तसंच ठेवायचं, आणि मागाहून ठोकून बसवलेली पत्रे-फळ्यांची अडगळ काढून मूळ आकार मोकळा करायचा.

या कामातल्या माणसाकडून एक गोष्ट कळली, तीही सांगते. जुन्या दगडी भिंतीला सिमेंट चालत नाही. चुना श्वास घेतो. भिंतीत शिरलेलं पावसाचं पाणी त्यातून बाहेर पडतं. वरून सिमेंट थापलं किंवा तेलाचा रंग फासला की ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. म्हणजे दर वेळी ‘चकाचक’ करायच्या नादात आपण भिंतीला आतून आजारी पाडत असतो. आपल्या गावच्या देवळाला गेल्या वर्षी जो गुलाबी ऑइलपेंट मारला, तो आठवून माझ्या पोटात खड्डा पडला.

काल सकाळी गाडी उशिरा होती. मी खांबाजवळ उभी होते. पूर्वी या बिडाच्या खांबांवर रंग इतका साठलेला असायचा की वरची नक्षी दह्यावरच्या सायीसारखी नुसती फुगलेली दिसायची. आता प्रत्येक कड सुटी झाली आहे. बोट फिरवलं तर खाच लागते. खाली, कमरेच्या उंचीवर, लोकांच्या पाठी घासून लोखंड गुळगुळीत झालंय. शेजारी एक बाई मेथीच्या जुड्यांचं ओलं बारदान टेकवून बसली होती, एक पोरगा त्याच खांबाला रेलून मोबाइल बघत होता. ही नक्षी त्या दोघांसाठीच होती आणि दोघांनीही तिच्याकडे पाहिलं नाही, तरी मला अजिबात वाईट वाटलं नाही. सावली देण्यासाठी ते छप्पर उभारलं आणि अजून देतंय.

आता माझं तुझ्याकडे एक काम आहे. अशी डागडुजी करणाऱ्यांना जुने फोटो फार लागतात. घड्याळ कुठे होतं, बाक कसा होता, जाळीचा नमुना कोणता, हे अनेकदा कुणाच्या तरी घरच्या अल्बममध्येच सापडतं. तुझ्याकडे तुम्हा चार नर्सेसचा प्लॅटफॉर्मवरचा फोटो आहे, पांढऱ्या साड्यांतला, मागे खांब आणि अर्धी कमान दिसते तो. आपण त्यात नेहमी फक्त तुझी वेणी पाहत आलो.

गणपतीला येशील तेव्हा दादरला उतर, मी घ्यायला येते. टॅक्सी नको, लोकलनेच भायखळ्याला येऊ. सकाळी लवकर पोचलीस तर गर्दीच्या आधी अर्धा तास मिळेल, तुला सगळं हात लावून बघता येईल. तो फोटो पिशवीत टाकायला विसरू नकोस.

तुझी भाची,
सुमा