पासवर्ड मला सांगू नका

"पासवर्ड मला सांगू नका, तुम्हीच टाइप करा." त्या आठवड्यात हे वाक्य मी तमिळमध्ये म्हणत होते, इंग्रजीत म्हणत होते आणि मराठीतही. चेन्नईच्या मैलापुरात, कचेरी रोडजवळच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर ऑडिटरांचं जुनं ऑफिस आहे. मालक तंजावरी मराठी, बाकीची मंडळी बहुतेक तमिळ. त्यांचे मेल एका छोट्या होस्टिंगवाल्याकडे होते आणि जागा सारखी भरायची. नवी सेवा घेऊन झाली होती. जुने मेल तिकडे नेण्याचं काम माझ्याकडे आलं. पण रिटर्नचा हंगाम उरकेपर्यंत ऑडिटर सर कशालाही हात लावू देईनात. मुहूर्त लागला तो मार्गळी महिन्यात, 2025 च्या डिसेंबरात, सभांमधल्या संगीताच्या कचेऱ्या, म्हणजे मैफली, रंगात आल्या तेव्हा.

त्याच वर्षी केंद्र सरकारची सुमारे 12 लाख मेल खाती एनआयसी या सरकारी संस्थेकडून झोहोवर गेल्याची बातमी सगळ्यांनी वाचली होती. झोहो इथलीच, चेन्नईची, त्यामुळे बातमीची चर्चाही भरपूर झालेली. बारा लाख खाती जातात, मग आपली डझनभर एका दुपारी का जाऊ नयेत, असं ऑफिसात सगळ्यांना वाटत होतं.

मेलची नक्कल करणं यंत्राचं काम आहे. मी त्यासाठी आयमॅपसिंक वापरते. झील लामिराल या फ्रेंच प्रोग्रामरनं लिहिलेलं. ते दोन्ही सर्व्हरशी जोडून घेतं, एकीकडचं पत्र वाचतं आणि दुसरीकडे तारखेसकट, वाचलं-न वाचलं या खुणेसकट ठेवतं. वेळ जातो तो जोडणीत. एकही पत्र न हलवता फक्त दोन्हीकडे लॉगिन होतंय का एवढंच पाहण्याची सोय त्यात आहे, आणि सगळ्या खात्यांची ती परीक्षा पास झाल्याशिवाय मी पुढे जात नाही. जुन्या सर्व्हरवर पोर्ट 993, युजरनेम म्हणजे पूर्ण पत्ता, इथवर सरळ. पण सुरक्षेचं प्रमाणपत्र ऑफिसच्या डोमेनच्या नावाचं नव्हतं, होस्टिंगवाल्याच्या यंत्राच्या नावाचं होतं. जोडणी होईना. सर्व्हरचं मूळ नाव टाकलं, झाली. अशा वेळी बरेच जण प्रमाणपत्राची तपासणीच बंद करून टाकतात. मला ते पटत नाही. आपण ज्याच्याशी बोलतोय तो तोच आहे, हे कळण्याचा तेवढाच मार्ग असतो.

नव्या बाजूला दोन टप्प्यांची पडताळणी होती. तिथे नेहमीचा पासवर्ड चालत नाही, अ‍ॅप पासवर्ड काढावा लागतो: एकाच कामापुरता, काम झालं की रद्द करता येणारा. गूगलनं वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डाचा मार्ग मे 2022 अखेर बंद केला, मायक्रोसॉफ्टनंही त्याच वर्षी ऑक्टोबरपासून एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये तो बंद करायला घेतला. लोक याला कटकट म्हणतात. माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाच्या हाती कुणाचं अख्खं खातं न देता काम करून घेता येतं, ही मला मोठी सोय वाटते.

ऑफिस सांभाळणाऱ्या अम्मांनी मात्र पहिल्याच दिवशी एक डायरी पुढे केली. सगळ्यांचे पासवर्ड तिच्यात लिहिलेले. माझं काम सोपं व्हावं हाच हेतू. मी ती उघडली नाही. त्या मेलमध्ये अशिलांचे पॅन आहेत, बँकेचे उतारे आहेत, कुणाच्या वाटण्यांचे कागद आहेत. ऑडिटची कागदपत्रं किमान सात वर्षं जपायची असतात, आणि जपणं म्हणजे नुसतं साठवणं नाही. आधी प्रत्येकानं आपला पासवर्ड बदलायचा आणि मग माझ्या लॅपटॉपवर येऊन स्वतः टाइप करायचा, असं ठरवलं. अम्मा थोड्या नाराज झाल्या, पण दुपारी त्यांनीच सगळ्यांना एकेक करून पाठवलं.

पासवर्ड बदलले आणि जुना सर्व्हर ऑफिसातून कुणालाच आत घेईना. माझ्या घरून तीच खाती उघडत होती. सगळ्यांचे फोन जुनाच पासवर्ड घेऊन दर थोड्या वेळानं सर्व्हरचं दार ठोठावत होते, आणि सर्व्हरनं हल्ला समजून ऑफिसचा आयपी पत्ता अडवला होता. फोनवरची खाती काढली, होस्टिंगवाल्याकडून पत्ता सोडवून घेतला. एका ज्येष्ठ सहायकांचं खातं पॉपवर होतं. सर्व्हरवर काहीच नाही, सगळी वर्षं त्यांच्या टेबलावरच्या आउटलुकच्या एका फायलीत. आयमॅपसिंक सर्व्हरवर असेल तेवढंच नेतं. त्यामुळे आउटलुकमध्ये नवं खातं जोडून एकेक फोल्डर तिकडे ओढावा लागला, आणि त्या आधी त्या फायलीची प्रत काढली.

उरलं एक खातं. ते मोठ्या भागीदारांचं, ऑडिटर सरांच्या चुलतभावाचं; ते आता नाहीत. तांत्रिकदृष्ट्या कठीण काहीच नव्हतं, कंट्रोल पॅनलमधून पासवर्ड बदलला की झालं. पण टाइप करायला माणूसच नसताना ते खातं उघडावं, हे मला जड गेलं. मी सरांकडून लेखी पत्र घेतलं आणि म्हटलं, त्यांच्या पत्नीला, काकूंना, विचारूया. काकू माडा स्ट्रीटला राहतात. त्यांनी तंजावरी मराठीत शांतपणे ऐकून घेतलं आणि चटकन निवाडा केला: ऑफिसचं ते ऑफिसचं, घरचं आहे ते मला द्या. घरचं म्हणजे ‘तंजावर’ नावाचा फोल्डर. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातल्या मोडी कागदांबद्दल काका भावंडांना लिहीत, त्यांची उत्तरं येत, ती सगळी तिथे होती. मी फोल्डरांची नावं पाहिली, पत्रं उघडली नाहीत. काकूंच्या खात्याशी वेगळी जोडणी केली, तेवढा एक फोल्डर तिकडे गेला. त्यांचा अ‍ॅप पासवर्ड त्यांच्या नातीनं काढला, आणि दोन्हीकडच्या पत्रांची मोजणी जुळल्यावर तिनंच रद्द केला.

नवे मेल कुठल्या सर्व्हरवर यावेत ते सांगणारा एमएक्स रेकॉर्ड शनिवारी रात्री बदलला. इतर सर्व्हरांनी तो लक्षात ठेवायची मुदत आदल्या दिवशीच 14400 सेकंदांवरून 300 वर आणून ठेवली होती, म्हणून नवे मेल लवकर नव्या जागी यायला लागले. मधल्या काळात जुन्या जागी पडलेले मेल दुसऱ्या फेरीत नेले. सगळे अ‍ॅप पासवर्ड रद्द केले. अम्मांनी डायरीतली ती पानं फाडली.

काकांच्या पत्त्यावर अजून मेल येतात: बँकांचे, जुन्या अशिलांचे, एका संगीत सभेचं निमंत्रणही. सध्या ते सरांकडे वळवले आहेत. त्या पत्त्यावरून आपोआप उत्तर जावं का, आणि गेलंच तर त्यात काय लिहावं, हे काकू आणि सर मिळून ठरवणार आहेत.