सुट्टीचं वजन किती भरलं?

गाडीमागे अख्खं घर जोडून अमेरिका पाहायला निघायचं, तर आयोवातल्या वॉलकॉटला एक थांबा घ्याच. पेट्रोलसाठी, कॉफीसाठी आणि मुख्य म्हणजे तिथल्या काट्यासाठी!

चाकांवरचं वन बीएचके! ट्रॅव्हल ट्रेलरचं याहून सोपं वर्णन नाही. डबल बेड, मुलांसाठी बंक बेड, छोटंसं किचन, फ्रीज, एसी, टॉयलेट-बाथरूम... सगळं एका डब्यात. हा डबा पिकअप ट्रकच्या मागे जोडायचा आणि सुटायचं. हॉटेलचं बुकिंग नको, चेक-आउटची घाई नको आणि सकाळचा चहा आपल्या हातचा, आलं घालून. ऑनसाइट गेलेल्या कुठल्याही मराठी जोडप्याला या कल्पनेची भुरळ पडली नाही तरच नवल.

घर म्हटलं की सामान आलंच.

“कुकर घेतलास?”
“घेतला. तवा, पोळपाट-लाटणंही घेतलंय.”
“अगं, आणि तांदळाची ती मोठी बॅग?”
“जागा आहे ना? मग टाक की!”

‘जागा आहे ना, मग टाक’ हेच ते घातक वाक्य! ट्रेलरमध्ये कपाटं ढीगभर असतात. बेडखाली कप्पे, सोफ्याखाली कप्पे, बाहेरच्या बाजूला डिकीसारखे कप्पे. पण कपाटात जागा असणं वेगळं आणि टायर, अ‍ॅक्सल, ब्रेक यांच्यात तेवढी ताकद असणं वेगळं. डबा काठोकाठ भरण्याच्या कितीतरी आधी त्याची मर्यादा संपलेली असू शकते. डोळ्यांना ते दिसत नाही. दिसतं फक्त काट्यावर.

ट्रकवाल्यांची पंढरी

इंटरस्टेट ८० हा अमेरिकेचा आडवा कणा. न्यूयॉर्कच्या शेजारून, न्यू जर्सीतून निघतो आणि थेट सॅन फ्रान्सिस्कोला पोचतो. वाटेत इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट लागतं. ‘जगाची आरव्ही राजधानी’ म्हणून मिरवणारं हे गाव. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर याच परिसरातल्या कारखान्यांत तयार होतात. पुढे शिकागो. इथली मराठी वस्ती जुनी, बृहन्महाराष्ट्र मंडळाची सुरुवातही १९८१ साली इथलीच. शिकागोहून पश्चिमेला तीनेक तास गेलं, मिसिसिपी ओलांडली, की एक्झिट नंबर २८४ येतो. हेच वॉलकॉट.

गाव अगदी छोटं. पण हायवेलगतचा ‘आयोवा ८०’ हा ट्रकस्टॉप मात्र स्वतःला जगातला सर्वात मोठा म्हणवतो आणि ते खोटं वाटत नाही! १९६४ साली सुरू झालेला हा तळ आज शेकडो ट्रक सामावून घेतो. इथे चोवीस तास जेवण मिळतं. आंघोळीची सोय आहे, न्हावी आहे, थिएटर आहे आणि चक्क डेंटिस्टही आहे. क्रोमच्या चकचकीत पार्ट्सचं दुकान तर असं की ट्रक नसलेल्यालाही एखादा भोंगा घ्यावासा वाटावा. शेजारी जुन्या ट्रक्सचं म्युझियम आहे, तेही फुकट. दर जुलैमध्ये इथे ट्रकवाल्यांची जत्रा भरते, तेव्हा सजवलेल्या ट्रक्सच्या रांगा लागतात.

या सगळ्या झगमगाटात एका बाजूला जमिनीत बसवलेला लांबलचक प्लॅटफॉर्म दिसतो आणि वर पिवळ्या-काळ्या रंगात पाटी: कॅट स्केल.

आपल्याकडे साखर कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॉल्या चढतात, तोच हा भुईकाटा. पण याची गोष्ट गमतीदार आहे. पूर्वी ट्रकस्टॉपवरच्या काट्यांचा भरवसा नसायचा. ड्रायव्हर इथे वजन करून निघायचा आणि पुढे सरकारी नाक्यावर ओव्हरलोडचा दंड भरायचा. हा ट्रकस्टॉप चालवणाऱ्या बिल मून यांनी १९७७ साली यावर उपाय म्हणून स्वतःची काटा कंपनीच काढली. सगळे अ‍ॅक्सल एकाच वेळी मोजणारा काटा आणि वर गॅरंटी. वजन बरोबर सांगूनही दंड झाला, तर काटा तपासायचा. काटा चुकीचा निघाला तर दंड कंपनी भरणार. बरोबर निघाला तर कंपनीचा माणूस कोर्टात ड्रायव्हरच्या बाजूने साक्ष देणार! आज अमेरिका आणि कॅनडात मिळून असे दोन हजारांहून जास्त काटे आहेत. मुख्यालय अजूनही वॉलकॉटलाच.

आणि हो, काटा फक्त अठरा चाकी धुडांसाठी नाही. ट्रेलर ओढणारी चौकोनी कुटुंबंही इथे बिनधास्त चढतात.

“फर्स्ट वे?”

पद्धत सोपी आहे. ट्रकच्या रांगेत शिरायचं, पुढचा मोकळा झाला की हळूच काट्यावर चढायचं. काट्याचे तीन भाग असतात. गाडीची पुढची चाकं पहिल्यावर, मागची दुसऱ्यावर आणि ट्रेलरची चाकं तिसऱ्यावर. मग इंटरकॉमचं बटण दाबायचं. हे बटण ट्रक ड्रायव्हरच्या खिडकीच्या उंचीला असतं, त्यामुळे आपल्याला बहुधा खाली उतरून हात लांब करावा लागतो. आतून आवाज येतो, “फर्स्ट वे?” म्हणजे पहिलंच वजन का? हो म्हणायचं, आरव्ही आहे सांगायचं. मिनिटाभरात काम फत्ते! काटा रिकामा करायचा, गाडी बाजूला लावायची आणि आत काउंटरवर साधारण पंधरा डॉलर देऊन चिठ्ठी घ्यायची. कंपनीचं मोबाइल अ‍ॅप असेल तर आतही जायला नको.

चोवीस तासांच्या आत पुन्हा वजन केलं तर फारच कमी पैसे पडतात. ही सवलत वापरायचीच, कारण खरी मजा दुसऱ्या चिठ्ठीत आहे.

दोन चिठ्ठ्या, एक गणित

चिठ्ठीवर वजन पौंडांत येतं. पौंडाचे किलो करायची युक्ती: निम्मे करा आणि त्यातून दहा टक्के काढा. १,००० पौंड म्हणजे साधारण ४५० किलो.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, पिकअपच्या जाहिरातीत लिहिलंय की गाडी ९,००० पौंड ओढते. तुमचा ट्रेलर सामानासकट ६,००० पौंडांचा. म्हणजे ३,००० पौंड हातात उरले. आता काय, ऐश!

थांबा. ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो: माणसं आणि सामान मिळून या गाडीत जास्तीत जास्त किती वजन चालेल. समजा, तिथे १,४५० पौंड लिहिलेत. या आकड्यात काय काय बसतं? घरातली चार माणसं ४८० पौंड. ट्रेलर जोडायचा हिचचा लोखंडी सरंजाम ९०. आणि सगळ्यात मोठा, पण न दिसणारा पाहुणा म्हणजे ट्रेलरच्या जिभेचं वजन. ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या मागच्या टोकावर टेकतो, तेव्हा ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार गाडी स्वतःच्या पाठीवर घेते. आपल्या उदाहरणात तो ७०० पौंड धरू. बेरीज झाली १,२७०. उरले फक्त १८० पौंड, म्हणजे ऐंशी-ब्याऐंशी किलो. आणि मागच्या हौद्यात तुम्ही जनरेटर, सायकली, आइसबॉक्स आणि शेकोटीची लाकडं मिळून ४०० पौंड टाकलेत!

पहिली चिठ्ठी हेच सांगेल. ट्रेलरसकट वजन करताना पुढची चाकं ३,१५०, मागची ४,०७०, ट्रेलरची चाकं ५,३००. गाडीचे दोन आकडे मिळून ७,२२०. गाडीची कमाल मर्यादा ७,००० असेल, तर तुम्ही २२० पौंडांनी, म्हणजे जवळपास शंभर किलोंनी ओव्हरलोड आहात. ट्रेलर मर्यादेत, ‘ओढायची ताकद’ही मर्यादेत, तरीही गाडी वाकलेली!

आता ट्रेलर पार्किंगमध्ये सोडा, सगळ्यांना गाडीतच बसवा आणि पुन्हा काट्यावर चढा. दुसरी चिठ्ठी: गाडी एकटी ६,५२०. पहिल्या ७,२२० मधून हे वजा करा. उरलेले ७०० म्हणजे जिभेचं वजन. ते ट्रेलरच्या चाकांवरच्या ५,३०० मध्ये मिळवलं की ट्रेलरचं खरं वजन ६,०००. सातशे म्हणजे त्याच्या बारा टक्क्यांच्या आसपास. छान. तोल बरोबर आहे, चुकलाय तो फक्त भार.

ब्रोशरमधल्या आकड्यावर मात्र विसंबू नका. तिथे असतं ते ‘ड्राय वेट’. पाणी नाही, किराणा नाही, कपडे नाहीत आणि पोळपाट तर नाहीच नाही.

वारा आणि घाट

शंभर किलोंनी एवढं काय बिघडतं? वॉलकॉटला काहीच नाही. आयोवा बऱ्यापैकी सपाट आहे; दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन. पण हाच रस्ता दोन दिवसांनी वायोमिंगमध्ये शेर्मन समिटला पोचतो. उंची ८,६४० फूट, म्हणजे सुमारे २,६३० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर! चढताना इंजिन तापतं, उतरताना ब्रेक तापतात. जादा भाराने टायर आतून गरम होत जातो आणि उन्हाळ्याच्या दुपारी फुटतो.

त्यात वायोमिंगचा वारा. तो भडकला की याच हायवेवर ‘हलक्या आणि उंच वाहनांना बंदी’ अशी पाटी लागते. उंच, हलकं, सपाट भिंतींचं वाहन म्हणजे आपलाच डबा! सामान मागच्या बाजूला कोंबलेलं असेल आणि जिभेवर दहा टक्क्यांहून कमी भार असेल, तर अशा वाऱ्यात ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो आणि गाडीलाच ओढायला लागतो. तशा वेळी करकचून ब्रेक मारायचा नाही. अ‍ॅक्सिलरेटर हळूच सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे.

आणखी एक गोष्ट. सरकारी वजननाक्यांवर खासगी कॅम्परना बहुतेक राज्यांत थांबावं लागत नाही. ट्रकवाल्याला दंडाची भीती तरी असते. तुम्हाला कुणी अडवणार नाही, विचारणार नाही. मागच्या सीटवर झोपलेल्या मुलांसाठी ते पंधरा डॉलर आपणहूनच खर्च करायचे.

काय काढायचं?

तर मग कुकर घरी ठेवायचा? मुळीच नाही! कुकर दोन-तीन किलोंचा. खरे चोर वेगळेच असतात.

पहिला चोर पाणी. एक गॅलन म्हणजे ८.३ पौंड. ४० गॅलनची टाकी भरली की दीडशे किलो झालेच. कॅम्पग्राउंडवर नळ असतोच, मग एवढं पाणी हजार मैल फिरवायचं कशाला? हातपाय धुण्यापुरतं चार गॅलन ठेवा, बाकी ३६ सोडून द्या. झाले जवळपास ३०० पौंड कमी.

दुसरा चोर लाकडं. १५० पौंड लाकूड इथेच सोडा. झाडं पोखरणारे किडे लाकडांतून पसरतात म्हणून अनेक ठिकाणी दुरून लाकूड आणायला बंदीच आहे. पोचाल तिथे विकत घ्या.

आपल्या उदाहरणात पाण्याची टाकी पुढच्या बेडखाली असेल, तर ती रिकामी केल्यावर जीभही हलकी होईल, समजा ५९० पौंड. आता तिसरी चिठ्ठी: गाडी ६,९६०, ट्रेलरची चाकं ५,११०. गाडी मर्यादेच्या चाळीस पौंड खाली, ट्रेलर ५,७०० वर आणि जीभ दहा टक्क्यांच्या जरा वर. निघा बिनधास्त, कुकरसकट!

आणि आपल्याकडे?

महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आपल्याकडे ओढायच्या ट्रेलरपेक्षा स्वतः चालणाऱ्या कॅराव्हॅन जास्त दिसतात, पण वजनाचं गणित तेच. ओव्हरलोड मालट्रकला २०१९ पासून २० हजार रुपये दंड आणि वर जादा टनामागे दोन हजार. गणपतीला सहा माणसं, टपावर कॅरिअर आणि डिकीत आंब्याच्या लोणच्याच्या बरण्या घेऊन कोकणात उतरणाऱ्या आपल्या गाडीला मात्र कुणी काट्यावर चढवत नाही. निदान फुल लोडसाठी टायरमध्ये किती हवा हवी, हा गाडीवरच्या स्टिकरवरचा आकडा तरी घाट लागण्याआधी वाचा!

निघण्यापूर्वी

- ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर आणि ट्रेलरवरचा सामानाच्या मर्यादेचा स्टिकर, दोन्हींचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा.
- वजन करताना सगळं खरंखुरं हवं: माणसं आत, टाकी भरलेली, किराणा भरलेला.
- जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या जरा पुढे आणि जमिनीलगत. मागच्या टोकाला फक्त हलक्या वस्तू.
- टायरची हवा थंड असताना मोजा. ट्रेलरच्या टायरवर लिहिलेली वेगमर्यादाही बघा; अनेकांची ताशी ६५ मैल असते.
- कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना मर्यादा ताशी ५५ मैल. बाजूने सगळे पुढे गेले तरी जाऊ द्या.
- वाटेत आउटलेट मॉल लागला आणि हात सैल सुटला, तर पुढच्या काट्यावर पुन्हा चढा!