कारण कुठे लिहिलंय?

सॉफ्टवेअर कंपनी वाढू लागली की बाहेरच्यांना नवे मजले, नवे क्लायंट आणि भरतीच्या जाहिराती दिसतात. आत बसून कोड लिहिणाऱ्याला आणखी एक बदल जाणवतो. कालपर्यंत जे सगळ्यांना ठाऊक होतं, ते आता दोघा-तिघांनाच ठाऊक असतं. अमुक ग्राहकाच्या बिलाला वेगळा नियम का, रात्री दोनला चालणारा प्रोग्राम एक वाजता का चालवायचा नाही, कुणीच वापरत नसलेला जुना तक्ता अजून का ठेवलाय, या प्रश्नांची उत्तरं कुणाच्या तरी डोक्यात असतात आणि तो माणूस नेमका त्या दिवशी रजेवर असतो. माझं ठाम मत आहे की घेतलेल्या निर्णयामागचं कारण पुढच्या माणसापर्यंत पोचवणं हे वाढत्या कंपनीतलं सगळ्यात अवघड काम आहे आणि त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. नवा कोड लिहिणं त्यामानाने सोपं.

लहान कंपनीला हे काम वेगळं करावंच लागत नाही. पुण्यात कैलाश काटकर कॅल्क्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्त करत. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला आलेल्या संगणकांत व्हायरस सापडत आणि संजय ते काढणारे प्रोग्राम लिहीत. त्यातून क्विक हील ही कंपनी उभी राहिली आणि 2016 साली शेअर बाजारापर्यंत पोचली. सुरुवातीला तिथे ग्राहकाची अडचण पाहणारा आणि प्रोग्राम लिहिणारा हे सख्खे भाऊ होते. एकाला कळलेलं दुसऱ्याला कळवायला कागद कशाला हवा? पण हे असंच चालू राहत नाही. 1990 साली पुण्यातच मोजक्या माणसांनिशी सुरू झालेल्या पर्सिस्टंट या सॉफ्टवेअर कंपनीत आज 20 हजारांहून जास्त लोक काम करतात. दहा जणांच्या टीममध्ये एकमेकांशी बोलणाऱ्या जोड्या होतात 45, साठ जणांच्या टीममध्ये 1,770. माणसं सहापट झाली, बोलण्याच्या वाटा जवळजवळ चाळीसपट. आयबीएमच्या ओएस/360 या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी 1975 सालच्या पुस्तकात हे गणित मांडलं आणि रखडलेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी रखडतो, असं सांगितलं. ते आजही खरं आहे, कारण नव्या माणसाला समजावून सांगायला जुन्यालाच हातातलं काम बाजूला ठेवावं लागतं.

कारण हरवलं की काय होतं, याचा सगळ्यात बोलका पुरावा 4 जून 1996 चा आहे. त्या दिवशी युरोपचं एरियान 5 रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे 40 सेकंदांत नष्ट झालं. त्यातला दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचा प्रोग्राम आधीच्या एरियान 4 वरून घेतला होता. आडव्या वेगाशी निगडित एक मोठा आकडा 16 बिटांच्या जागेत बसवताना मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. तिच्या जोडीची राखीव यंत्रणाही त्याच प्रोग्रामवर चालत होती, त्यामुळे तीही त्याच कारणाने बंद पडली. असे सात आकडे होते. त्यांतल्या चारांना संरक्षण दिलं होतं, तीन मोकळे सोडले होते, कारण संगणकावरचा भार ठरलेल्या मर्यादेत ठेवायचा होता आणि एरियान 4 च्या उड्डाणात ते तीन आकडे कधीच एवढे मोठे होणार नव्हते. हा निर्णय निष्काळजी नव्हता, त्या रॉकेटपुरता तो विचार करून घेतलेला होता. पण चौकशी समितीला असं दिसलं की त्यामागचं समर्थन कोडमध्ये कुठे नोंदलेलं नव्हतं. कोड नव्या रॉकेटवर गेला, त्याच्यामागचं गृहीतक जुन्या रॉकेटपाशी राहिलं. आपल्या कंपन्यांत रॉकेट फुटत नाही, पण पन्नास ग्राहकांसाठी केलेली सोय पाच हजार ग्राहकांवर तशीच लावली जाते तेव्हा घडतं ते याच जातीचं.

यावर अनुभवी मंडळींचा आक्षेप ठरलेला असतो आणि तो पोकळ नाही. दस्तऐवज लिहिले तरी कोण वाचतं? सहा महिन्यांत ते शिळे होतात आणि चुकीचा कागद कागद नसण्याहून वाईट. हे मला मान्य आहे, पण ते एका प्रकारच्या लिखाणाला लागू पडतं. प्रोग्राम काय करतो याचं वर्णन शिळं होतं, कारण प्रोग्राम बदलतो. अमुक दिवशी अमुक पर्याय सोडून हा का निवडला, ही नोंद मात्र शिळी होत नाही. ती घडून गेलेल्या निर्णयाची नोंद असते आणि नंतर निर्णय बदलला तरी ती खोटी ठरत नाही. दुसरा आक्षेप वेगाचा: रिलीज उद्यावर आलेलं असताना लिहीत कोण बसणार? दहा जणांत हा आक्षेप बरोबरच आहे आणि तिथे मी कुणाला लिहायचा आग्रह धरणार नाही. साठ जणांत मात्र तोच वेळ दुसरीकडे खर्च होतो, एकच प्रश्न पाच जणांना पाच वेळा समजावण्यात. आता तिसरं म्हणणंही ऐकू येतं, की कृत्रिम बुद्धिमत्ता कोड वाचून सगळं सांगेल. ती कोड काय करतो ते सांगेल. एका ग्राहकाने फोनवर केलेल्या विनंतीमुळे ती अट घातली, हे कुठे लिहिलेलंच नसेल तर तिला तरी कसं कळणार?

मला या प्रश्नाची कळकळ वाटते ती आणखी एका कारणासाठी. कारणं तोंडीच फिरत राहिली तर ती टपरीवर सोबत चहा घेणाऱ्यांना कळतात, इंग्रजीत चटकन विचारू शकणाऱ्यांना कळतात. खुलताबाद, कन्नड, फुलंब्रीकडून शिकून पुण्याच्या कंपनीत लागलेली मुलगी हुशार असूनही पहिले काही महिने विचारायला बिचकते, आणि तिचं न विचारणं तिचं अज्ञान समजलं जातं. लिहिलेलं कारण तिला कुणाच्या मर्जीशिवाय मिळतं. खुद्द खुलताबादेत याचा जुना दाखला आहे. चौदाव्या शतकात दिल्लीहून दख्खनमध्ये आलेले सूफी संत बुरहानुद्दीन गरीब 1337 साली वारले, त्यांचा दर्गा तिथेच आहे. त्यांच्याभोवती शिष्यांचा मेळा वाढला, तेव्हा काशानी घराण्यातल्या भावांनी त्यांची संभाषणं फारसीत लिहून ठेवली. समोर बसून ऐकायला न मिळालेल्यांपर्यंतही ते बोलणं पोचलं ते या ग्रंथांमुळे. शिकवण आणि सॉफ्टवेअर यांत फरक मोठा आहे, पण समुदाय गुरूच्या आवाजाच्या पल्ल्याबाहेर वाढला की लेखनाची गरज पडते, हे दोन्हीकडे सारखंच.

आपल्याकडे कारणं सांगायची वेळ येते ती बहुधा माणसाने राजीनामा दिल्यावर, नोटीस पीरियडमधल्या ‘केटी’त, म्हणजे नॉलेज ट्रान्सफरमध्ये. तेव्हा उशीर झालेला असतो. जाणाऱ्याचं लक्ष नव्या नोकरीत असतं, घेणाऱ्याला काय विचारायचं तेच कळत नसतं, आणि तीन वर्षांची समज चार मीटिंगांत भरायची असते. काही जण मुद्दाम सांगत नाहीत, आपल्यावाचून अडलं पाहिजे म्हणून. त्यांना दोष देण्याआधी कंपनीने आपलं मूल्यमापन पाहावं: तिथे नवं फीचर मोजलं जातं, दुसऱ्याला समजावून दिलेलं मोजलं जात नाही. म्हणून टीम लीड आणि मॅनेजर मंडळींना माझी विनंती आहे की वर्षअखेरच्या अप्रेझलमध्ये हे काम फीचरच्या बरोबरीने धरा. आणि कोड लिहिणाऱ्यांनो, आज जो बदल कराल त्याच्याशेजारी, कोडमध्येच, दोन ओळी लिहा: आपण काय गृहीत धरलं आणि कोणत्या परिस्थितीत ते चुकीचं ठरेल.