वजनकाट्यावर न दिसणारे उणे

सातारा,
आश्विन शुद्ध त्रयोदशी

चि. सौ. ताईस मामाचे अनेक आशीर्वाद. विशेष.

जत तालुक्यात मुख्यसेविका म्हणून रुजू झाल्याचे तुझे पत्र पावले. आपल्या गटातील बहुतेक मुलांची वजने नोंदवहीत सर्वसाधारण श्रेणीत बसतात, तेव्हा जीवनसत्त्वांच्या कमतरतेची निराळी चिंता वाहण्याचे प्रयोजन काय, असे तू विचारतेस. आणि सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतच माझी आरोग्य खात्यातली सारी नोकरी झाली असल्यामुळे त्याचे उत्तर थोडे विस्ताराने द्यावेसे वाटते. वजनकाटा हे उपयुक्त साधन खरे. परंतु पोटात किती गेले एवढेच तो सांगतो, काय गेले ते सांगत नाही, आणि भाकरी, भात, साखर व बिस्किटे यांवर वाढलेले मूल काट्यावर पुरते उतरूनही आतून रिते असू शकते. २०१६ ते २०१८ या काळात देशभर मुलांचे रक्त तपासून जी सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणी झाली, तीत एक ते चार वर्षे वयाच्या मुलांपैकी १८ टक्क्यांत ‘अ’ जीवनसत्त्वाची, १४ टक्क्यांत ‘ड’ची, १४ टक्क्यांत ‘ब-१२’ची आणि २३ टक्क्यांत फोलेटची उणीव आढळली. यांतील कोणतीही उणीव काट्याच्या दांडीवर उमटत नाही.

आपल्या भागाच्या स्मृतीतच केवळ वजनाकडे पाहण्याच्या या दृष्टिदोषाचे मूळ असावे, असे मला पुष्कळदा वाटते. १९७२च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांतील माणसे खडी फोडीत होती, तेव्हा सुकडीने आणि परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीने लोकांचे प्राण राखले, हे उपकार मी कधी विसरणार नाही. पण पोट भरले म्हणजे कर्तव्य संपले, ही जी समजूत त्या आणीबाणीत रास्त होती, ती पुढे पाटबंधारे आले, ऊस आला, द्राक्षे आली तरी सरकारी दप्तरातून आणि घरच्या चुलीपाशी तशीच राहिली.

दुधाचेच पाहा. कृष्णाकाठच्या सधन गावांत काय किंवा तुझ्या जतमध्ये काय, पहाटे काढलेले दूध कॅन भरून संकलन केंद्रावर जाते, त्याच्या पगारावर घरखर्च चालतो, आणि ज्या घरच्या गोठ्यात दोन म्हशी बांधलेल्या आहेत त्याच घरचे दीड वर्षाचे मूल काळसर चहात बिस्किट बुडवून न्याहारी करते. हा चहा निरुपद्रवी नव्हे, कारण त्यातील तुरट द्रव्ये अन्नातील लोह अंगी लागू देत नाहीत. सहा महिन्यांनंतर आईचे दूध एकटे पुरेनासे होते आणि घरातले तिखट जेवण अजून झेपत नाही, असा जो दीड-दोन वर्षांचा कालखंड, तोच या सर्व उणिवांचे माहेरघर आहे; म्हणून तुझे पहिले लक्ष अंगणवाडीत येऊन बसणाऱ्या मुलांपेक्षा, ज्यांचा शिधा घरी जातो आणि घरात कोणाच्या मुखी पडतो याचा पत्ता लागत नाही, अशा तान्ह्यांकडे असावे.

सांगलीच्या हळदीविषयी एक समजूत मला अनेक आयांच्या तोंडून ऐकावी लागली आहे. पिवळ्या पदार्थात डोळ्यांचे सत्त्व असते असे कोणी सांगितले की त्या वरणात हळद वाढवितात. हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिनचा आहे, त्यापासून शरीराला ‘अ’ जीवनसत्त्व घडविता येत नाही. ते घडते पपई, आंबा, गाजर, तांबडा भोपळा यांच्या केशरी रंगातून आणि माठ, चाकवत, राजगिरा, शेवग्याचा पाला यांच्या हिरवेपणाआड दडलेल्या कॅरोटीनमधून. तासगावच्या बेदाण्यातही ते नावालाच. शेवगा तर थोड्या पाण्यावर तग धरणारे झाड, जतच्या बांधाबांधावर उभे; परंतु त्याच्या शेंगा बाजारात जातात आणि पाल्याकडे शेरडांखेरीज कोणी फारसे पाहत नाही. तो पाला बारीक चिरून, चमचाभर तेलात परतून, भाकरीच्या कुस्करात मिसळला पाहिजे. तेलाचा आग्रह अशासाठी की हे जीवनसत्त्व स्निग्धातच विरघळते. जत्रेत बकरे पडते तेव्हा त्याच्या काळजाचा तुकडा पुरुषांच्या पंगतीतच संपतो. तो शिजवून मऊ करून लेकराच्या घासात घालावा, इतका या सत्त्वाचा साठा आपल्या खाण्यातल्या दुसऱ्या कशात क्वचितच असतो.

‘अ’च्या उणिवेने येणाऱ्या रातांधळेपणाची पहिली बातमी डॉक्टराला नव्हे, आईला लागते: दिवसा हुंदडणारे पोर दिवेलागणीला चाचपडू लागते, ताटली डावलून हात भलतीकडेच नेते. पुढे बुबुळाच्या कडेशी, पांढऱ्या भागावर, फेसासारखा त्रिकोणी डाग दिसतो. त्यानंतर गोवर वा हगवण उद्भवली तर बुबुळ मऊ पडून दृष्टी कायमची जाण्याचे भय असते. इतकी घोर विपत्ती आता विरळ झाली आहे, आणि त्याचे पुष्कळसे श्रेय १९७० साली सुरू झालेल्या, ‘अ’ जीवनसत्त्व पाजण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमाला द्यावे लागेल: नवव्या महिन्यात एक लाख एकक, दीड वर्षाला दोन लाख, मग पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी तितकेच, असे एकूण नऊ डोस. यकृत हे सत्त्व साठवून ठेवते म्हणून सहामाही चमचा पुरतो. पण तो चमचा तगाईसारखा आहे. त्याने हंगाम निभावतो, शेत पिकत नाही. इंडोनेशियात आल्फ्रेड सॉमर यांनी केलेल्या व १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा डोसांनी बालमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले होते; उलट उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख मुलांवर केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लाभ अगदी किरकोळ दिसला. मी डोस चुकवू नकोस असेच सांगेन, परंतु नऊ खुणा पुऱ्या झाल्या म्हणून समाधान मानू नकोस.

‘ब-१२’ची कथा मला सर्वांत अधिक अस्वस्थ करते, कारण तिथे भाजीपाल्याचा उपाय चालत नाही, हे सत्त्व वनस्पतीत नाहीच, ते दूध, दही, अंडी, मांस यांतूनच मिळते. १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातील त्यांचे सहकारी पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या अपत्यांचा पाठपुरावा करीत आले आहेत. त्या मातांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांत गरोदरपणी ‘ब-१२’ कमी होते, आणि ज्यांच्यात हे कमी व फोलेट मात्र भरपूर, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे झुकणारी लक्षणे अधिक दिसली. म्हणजे उणिवेची वहिवाट आईच्या अंगातून सुरू होते. अशा आईचे दूध पिऊन गुटगुटीत दिसणारे आठ-दहा महिन्यांचे बाळ हळूहळू हसणे विसरते, सावरलेली मान पुन्हा टाकते, केस विरळ व भुरे होतात, हात थरथरू लागतात; घरचे लोक दृष्ट काढीत बसतात, आणि वेळीच इंजेक्शन मिळाले तर तेच बाळ थोड्या दिवसांत पुन्हा आईकडे पाहू लागते. उशीर झाला तर बुद्धीची हानी भरून येत नाही. असे बाळ कोठे दिसले तर मासिक बैठकीची वाट न पाहता त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात पाठव. वरिष्ठ काय म्हणतील याची फिकीर करू नकोस.

मुडदुसाविषयी फार लिहीत नाही. उन्हात तेल लावून बाळ न्हाऊ घालण्याची जुनी रीत खेड्यांत अजून टिकून आहे. सांगली-मिरजेच्या सदनिकांत ती सुटली, तेथे बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षी रोज ४०० एकक ‘ड’ देण्यास सांगतात ते योग्यच आहे.

आता तातडीचे. दसरा झाला, दिवाळीच्या आगेमागे तुझ्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या वाळवा, कराड आणि सीमेपलीकडील कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतील. त्यांची तान्ही मुले बरोबर जातात, नाव मात्र जतच्या हजेरीत राहते, आणि फडावरच्या कोपीत असताना ज्याच्या ‘अ’च्या डोसाची वेळ येते ते मूल दोन्हीकडून निसटते. येत्या पंधरवड्यात सेविकांकडून टोळीवार यादी करून घे, ज्यांचा डोस निघण्यापूर्वी देय आहे त्यांना गावातच पाजून घे, आणि इतरांच्या माता-बाल संरक्षण कार्डावर पुढील तारीख मराठीत व, पूर्वेकडील गावांत, कन्नडमध्येही ठळक लिहून दे. यादीची एक प्रत मला पाठव. कराडकडच्या गावांतील सेविकांशी माझी जुनी ओळख आहे. टोळी कोणत्या कारखान्याच्या हद्दीत उतरली ते कळले की त्यांना कोपीपर्यंत धाडण्याची तजवीज मी येथून करतो.

कळावे. यजमानांस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

तुझा,
मामा