पेशी जिवंत आहे, मग बिघडलं काय?

रसायन पेशींवर घालायचं, किती मेल्या ते मोजायचं आणि आकडा वहीत लिहायचा. जर्मनीतल्या प्रयोगशाळेत रुजू होताना विषतपासणीची माझी कल्पना एवढीच होती. मला शिकवणाऱ्या संशोधक बाईंनी ती पहिल्याच आठवड्यात मोडीत काढली. ‘‘मेलेल्यांचं काय घेऊन बसलास? जिवंत राहून ज्या काम सोडतात, त्या शोध.’’

त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली न्यूरोस्फिअर दाखवले. हे मानवी मेंदूच्या पूर्वज पेशींचे गोळे, राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान, जेमतेम 0.3 मिलिमीटरचे. लॅमिनिन या प्रथिनाचा लेप दिलेल्या तळावर गोळा ठेवला की पेशी बाहेर पडून चहूकडे पसरू लागतात. आधी रेडियल ग्लिया नावाच्या पेशी निघतात आणि त्यांच्या आधाराने न्यूरॉन सरकतात. पाच दिवसांनी पेशी रंगवायच्या आणि मोजमाप घ्यायचं: किती दूर गेल्या, किती न्यूरॉन झाले, त्यांना फाटे किती फुटले. गर्भातला मेंदूही याच पायऱ्यांनी घडतो, म्हणून हा खटाटोप.

माझा गोंधळ उडाला तो निकाल वाचताना. मात्रा वाढवली तसं पेशींचं सरकणं कमी झालं. मला वाटलं, सापडलं! बाईंनी शेजारचा आलेख पुढे केला. त्याच मात्रेला पेशी मरतही होत्या. मेलेली पेशी सरकणार कशी? पेशी धडधाकट असताना सरकणं थांबलं, तरच मेंदूच्या घडणीवर नेमका घाव म्हणायचा. सरकणं थांबवणारी मात्रा आणि पेशी मारणारी मात्रा, या दोन मात्रांमधल्या अंतरातच सगळं उत्तर असतं.

ग्रीन टीमधल्या ईजीसीजीचा प्रयोग वाचून तर मी चक्रावलोच. पेशींची चिकटण्याची आणि सरकण्याची क्रिया हे द्रव्य बिघडवतं, असं 2017 मध्ये प्रसिद्ध झालं आहे. मग ग्रीन टी बंद करायचा? ‘‘पेशी वाढवायच्या प्लेटमधली मात्रा आणि आईच्या रक्तातून गर्भापर्यंत पोचणारी मात्रा हा वेगळा हिशेब आहे. तो केल्याशिवाय बोलू नकोस,’’ बाई म्हणाल्या.

मग प्राण्यांवरच थेट का तपासत नाहीत? तीही पद्धत आहे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2007 च्या नियमावलीनुसार गाभण उंदीरमादीला रसायन देतात आणि पिल्लांची हालचाल, शिकणं, मेंदूचं वजन तपासतात. एका रसायनापायी शेकडो पिल्लं, भरपूर वेळ आणि अफाट पैसा लागतो. त्यामुळे बाजारातली बहुतेक रसायनं या तपासणीतून गेलेलीच नाहीत. म्हणून ओईसीडीने 2023 मध्ये पेशींवरच्या चाचण्यांच्या संचाबद्दल प्राथमिक शिफारशी दिल्या. एकच चाचणी पुरत नाही: कुठे पेशींची वाढ पाहतात, कुठे सरकणं, कुठे फाटे, तर कुठे इलेक्ट्रोडवर वाढवलेले उंदराचे न्यूरॉन एकमेकांशी जोडले जाऊन विजेचे संकेत देतात का ते. एका चाचणीत रसायन निर्दोष ठरलं, तर ती एक पायरी पार झाली, इतकंच.

शिवाय प्लेटमध्ये यकृत नाही, वार नाही, आईची थायरॉइडही नाही. आपल्याकडे वाळवीवर मारतात ते क्लोरपायरीफॉस घ्या. यकृत त्याचं ऑक्सॉन नावाचं रूप बनवतं आणि तेच मूळ रसायनापेक्षा जहाल असतं. गर्भाच्या मेंदूविषयीची चिंता हे एक कारण देऊन युरोपीय संघाने 2020 मध्ये त्याच्या परवानगीचं नूतनीकरण नाकारलं. नुसत्या न्यूरॉनच्या प्लेटवर असं रसायन वाजवीपेक्षा सौम्य दिसू शकतं.

गावाकडच्या काकांनी फोनवर विचारलं, ‘‘तुम्ही तपासता ती औषधं वाईट की बरी?’’ मी मात्रा, पायऱ्या, यकृत, सगळं समजावलं. काका शांतपणे ऐकून म्हणाले, ‘‘म्हणजे एका चाचणीवर कुणी ‘बिनधास्त मारा’ म्हणालं, तर त्याचं ऐकायचं नाही.’’ एवढं सोपं करून मला अजूनही सांगता येत नाही.