नाव विचारायचे राहिले

डोंगर पाहण्यासाठी पनवेलकराला घराबाहेर पडावे लागत नाही. कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले की पुरते. दक्षिणेला कर्नाळ्याचा अंगठा, पूर्वेला प्रबळगडाचा लांबरुंद माथा, त्याच्या खांद्याशी कलावंतिणीचा सुळका आणि उजव्या हाताला, जरा दूर, इर्शाळगडाचे टोक. गेल्या काही वर्षांत मध्येच उंच इमारती उभ्या राहिल्या आणि ह्यांतले दोन डोंगर आमच्या गच्चीला पारखे झाले. पण दोन उरले आहेत. पाहुण्यांना दाखवायला तेवढे बस्स होतात.

पाहुण्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. मुंबईपुण्याकडचा कोणीही आमच्याकडे आला की मी त्याला कर्नाळ्याला नेतो. वाटेत शिरढोण लागते. तेथे 1845 साली वासुदेव बळवंत फडके जन्मले, त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते, 1665 च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी जे तेवीस किल्ले मोगलांना दिले त्यांत हा होता, ही माझी बडबड गाडी अभयारण्याच्या फाटकाशी थांबेपर्यंत चालते. तिथून पुढे मात्र मी फारसा बोलत नाही. कारण चढ लागतो. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, कर्नाळ्याच्या पायथ्याशी पक्षी गप्प बसतात ते माझे व्याख्यान ऐकूनच.

मी मराठीचा प्राध्यापक. आमच्या जातीला एक खोड असते. वस्तू समोर आली की ती नीट पाहायच्या आधी तिच्या नावाची व्युत्पत्ती शोधायची. प्रबळगड पाहिला की, ह्याचे जुने नाव मुरंजन, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ह्या खोडीपायीच 2018 च्या डिसेंबरात आम्ही इर्शाळगडावर गेलो. ठाकरांच्या विशाळा देवीवरून गडाचे नाव पडले असे सांगतात. आता विशाळातला ‘व’ गळाला हे एक वेळ मानू. पण मधला रफार कुठून आला? ह्या रफाराने मला दोन रात्री झोप दिली नव्हती. इतिहास शिकवणारे माझे सहकारी म्हणाले, ‘‘चला, गडालाच विचारू.’’

ते दोघे पतिपत्नी, आम्ही दोघे आणि सहावीतला आमचा मुलगा, असे पाच जण पहाटे निघालो. पनवेलहून चौक, चौकापासून नानिवली, आणि तिथून पायवाट. मागे वळून पाहिले की खाली मोरबे धरणाचे पाणी दिसे. हे धरण नवी मुंबईचे. अख्ख्या शहराचे नळ ह्या पाण्यावर चालतात. वर चढता चढता वाटेत आम्हांला हंडे डोक्यावर घेतलेल्या दोन मुली भेटल्या. धरण खाली, आणि पाणी डोक्यावर. इतिहासवाल्यांनी ह्यावर काहीतरी मार्मिक भाष्य केले, पण दम लागल्यामुळे ते कोणाला ऐकू गेले नाही.

तासाभराने इर्शाळवाडी आली. सुळक्याखालच्या सपाटीवर ठाकरांची ही वस्ती. कुडाची, पत्र्याची, थोडी पक्की घरे, शाळेची इमारत, सारवलेल्या अंगणांतून फिरणारी कोंबडी, आणि डोक्यावर उभा असलेला काळा कातळ. एका ओटीवर साठीची बाई वाल सोलीत बसली होती. परत येताना जेवण मिळेल का, असे मी विचारले. ‘‘मिळंल की. भाकर, पिठलं, ठेचा. माणशी शंभर घेतो आम्ही.’’

‘‘शंभर?’’ मी म्हणालो. ‘‘मावशी, ऐंशी घ्या. पाच जण आहोत.’’

गिर्यारोहकांच्या बोलीत डोंगरावरची प्रत्येक बाई मावशी असते. शब्द मोठा गोड आहे. त्याची सोय अशी की, तो वापरला म्हणजे नाव विचारावे लागत नाही.

मावशी हसल्या. ‘‘द्या ऐंशी,’’ म्हणाल्या. मग त्यांनी आम्हां एकेकाचे नाव विचारले. मुलाला कितवी, आम्ही कुठले, काय करतो, सगळे विचारले. मी मास्तर आहे हे कळल्यावर ओटीवरच्या नातीला म्हणाल्या, ‘‘बघ, मास्तर हायेत. पाया पड.’’ पोर लाजून आत पळाली.

वरच्या प्रवासाचे वर्णन लांबवीत नाही. सुळक्याच्या माथ्यावर दोर नि सराव असल्यावाचून जाता येत नाही; आमच्यापाशी दोन्ही नव्हती. नेढ्याशी जाऊन बसलो. हे नेढे म्हणजे वाऱ्याने नि पाण्याने कातळाला आरपार पाडलेले भोक. पनवेलच्या बाजूचा वारा त्यातून असा शिरतो की टोपी हातात धरावी लागते. समोर प्रबळगड, त्याच्यामागे माथेरानचे पठार, दुसरीकडे माणिकगड. आमचे सहकारी म्हणाले, माथेरान 1850 साली ठाण्याच्या कलेक्टराला सापडले म्हणतात. जणू तोवर ते हरवले होते! तिथल्या वाटा पायाखाली घालणारी माणसे होतीच की. त्यांची नावे कोणी टिपून ठेवली नाहीत, इतकेच. हे वाक्य मला फार आवडले. मी ते वहीत लिहून घेतले.

इर्शाळगडाला इतिहासाने फारसे पान दिलेले नाही. पाण्याची खोदीव टाकी आहेत, त्यांवरून इथे पहारा असावा असे कळते. रफाराचा शोध काही लागला नाही.

उतरलो तेव्हा दोन वाजले होते. ‘‘आला का रे बाबा!’’ मावशींनी मुलाला त्याच्या नावाने हाक मारली. तांदळाची भाकरी हातावर थापलेली, कडेने पापुद्रा सुटलेला. मुलाने चार खाल्ल्या. चौथीचे पैसे वेगळे द्यायला मी निघालो तर त्या म्हणाल्या, पोराच्या भाकरी मोजीत नाहीत. निघताना मुलाने माझ्या फोनवर त्यांचा नि नातीचा फोटो काढला. मावशींनी तो निरखून पाहिला. ‘‘फोटू धाडा बरं, मास्तर.’’

‘‘कुठे पाठवू?’’

‘‘चौकात कुनाकडंबी द्या आमच्या वाडीतल्या. पोचल.’’

मी हो म्हणालो. पुढे परीक्षा आल्या, पेपर तपासणे आले, मग साथ आली. चौकावरून त्या साडेचार वर्षांत मी कितीदा तरी गेलो असेन. दर वेळी गाडीतून टोक दिसे आणि फोटो आठवे. छापायचा मात्र राहून जाई.

19 जुलै 2023 च्या रात्री पनवेलात पाऊस असा पडत होता की शेजारच्या खोलीतले बोलणे ऐकू येईना. तीन दिवस तो तसाच होता. त्या भागात तीन दिवसांत सुमारे पाचशे मिलिमीटर पडला. कातळावरची माती पाणी पिऊन जड झाली आणि रात्री अकराच्या सुमारास सुटली. सकाळी दूरदर्शनसंचावर इर्शाळवाडीचे नाव दिसले. सव्वादोनशे माणसांची ती वस्ती. त्यांतली बरीच घरे गाडली गेली होती. वर रस्ता नसल्यामुळे यंत्रे चढेनात. माणसे कुदळीफावडी घेऊन चालत गेली; त्यांतल्या नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याला त्याच चढावर हृदयविकाराचा झटका आला आणि तेही गेले. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ह्या वाडीचे नाव नव्हते, असे सरकारनेच सांगितले. चौथ्या दिवशी, 23 जुलैला, शोध थांबला. सत्तावीस देह मिळाले होते. सत्तावन्न माणसे डोंगराच्या पोटातच राहिली.

वर्तमानपत्रात नावे आली. निकालाची यादी पाहावी तसा मी बोट फिरवीत वाचू लागलो. निम्म्यावर आल्यावर ध्यानात आले की, आपण काय शोधतो आहोत हेच आपल्याला ठाऊक नाही.

मुलगा मागे उभा होता, आता अकरावीत. ‘‘बाबा, मावशींचं नाव काय होतं?’’ त्याने विचारले.

त्या बाईंनी आमची पाच नावे विचारून घेतली होती. त्यांतले एक त्यांनी जेवायला वाढताना घेतलेही होते. आणि ज्याने एका रफारापायी दोन रात्री जागून काढल्या, त्याने ओटीवर बसून चार शब्द खर्चले ते वीस रुपये कमी करण्यासाठी.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी तो फोटो मोठा करून घेतला, चौकट लावली, आणि आम्ही दोघे बापलेक चौकला गेलो. वाचलेल्या कुटुंबांना तिथे लोखंडी कंटेनरांत ठेवले होते. पुढे त्यांच्यासाठी पक्की घरे झाली. तेव्हा मात्र ही डब्यांची रांगच होती. एका दारापुढे रांगोळी काढली होती. मी फोटो काखेत धरून उभा राहिलो. काय बोलावे सुचेना. पन्नाशीचा एक गृहस्थ पुढे आला. त्याने चौकट हातात घेतली, उजेडाकडे धरली, नि बराच वेळ पाहिले.

‘‘ही आमची वहिनी,’’ तो म्हणाला. मग त्याने नाव सांगितले. ते मी यादीत वाचले होते. त्याच्यावरून माझे बोट पुढे सरकले होते. इथे ते लिहीत नाही. छापू का, असे मी त्याला विचारलेले नाही.

‘‘आणि ही मुलगी?’’ माझ्या मुलाने विचारले.

‘‘ती आश्रमशाळेत होती त्या रात्री. हाय. आता सुट्टीला माझ्याकडं आलीय, बाहेर खेळत असंल.’’ फोटो त्याने शर्टाच्या बाहीने पुसला. त्यावर धूळ नव्हती. ‘‘तिच्याकडं आजीचा एक पण नव्हता. सगळं तिकडं राहिलं.’’

आम्ही निघालो तसा तो मागे आला. खिशात हात घालून त्याने विचारले, ‘‘मास्तर, याचे किती झाले?’’